झिंगलेले मनुके

तपासनीसाने फ्रीझरच्या झाकणावर कागदी सील चिकटवलं तेव्हा टकळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि टकळीची उंची बेताची असल्यामुळे ती फारच लवकर पोचली.

"अहो, पण त्यात दारू नाहीचे!"

"फलकावर काय लिहिलंय?" तपासनीसाने मान वर न करता विचारलं. तो दारू तपासणी खात्याचा माणूस. सीलाच्या कडा ओल्या बोळ्याने असा हळुवार दाबत होता, जणू जखमेवर पट्टी बांधतोय.

फलकावर लिहिलं होतं, 'झिंगलेले मनुके'. खडूने, गिरक्या घालून, शेवटच्या मात्रेला डोलतं शेपूट काढून. आणि ते अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं, टकळीचंच होतं.

"ते नाव आहे हो नुसतं," आई काउंटरमागून म्हणाली. तिच्या हातात अजून कलथा होता. "मनुके चहात मुरवते मी. कोरा चहा, करपवलेली साखर आणि संत्र्याची साल. संपलं."

तपासनीसाने वाटीतला एक मनुका उचलला आणि नखाने दाबला. "मऊ आहे. फ्रीझरमध्ये मनुक्याचा खडा होतो बाई. दारूत भिजवला तरच मऊ राहतो. वीस वर्षं हेच करतोय मी."

"घट्ट पाकात मुरला तरी मऊ राहतो. तीस वर्षं हेच करतेय मी."

"ते प्रयोगशाळा सांगेल."

प्रयोगशाळा अडीच महिन्यांनी सांगणार होती. म्हणजे अख्खा उन्हाळा उलटल्यावर, जेव्हा आइस्क्रीमच्या दुकानात माशीसुद्धा स्वेटर घालून येते तेव्हा. तोवर दुकान बंद. नाहीतर दुसरा एक रस्ता होता, आणि तो तपासनीसाने फार मायेने आईपुढे सरकवला. छापील कबुलीपत्र. 'मी दारूमिश्रित आइस्क्रीम शाळकरी मुलांना विकले. चूक मान्य आहे. पुन्हा विकणार नाही.' खाली सही. शुक्रवारी चार वाजेपर्यंत सही केली की त्याच दिवशी सील निघणार.

"विचार करा," तो म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

नियम सोमवारीच लागू झाला होता. दारू घातलेली मिठाई, चॉकलेटं, आइस्क्रीम साध्या दुकानात विकायची नाहीत, आणि एकवीसच्या आतल्या कुणाला विकली तर परवाना गेलाच म्हणून समजा. नियमाशी टकळीचं भांडण नव्हतं. लहान मुलांना दारू घालून कोण काय देतंय ते सरकारने खुशाल बघावं. तिचं भांडण एवढंच होतं की आमच्यात दारू नाहीये. ना-ही-ये! ही साधी गोष्ट गावातल्या एकाही माणसाच्या डोक्यात शिरत नव्हती, आणि का शिरत नव्हती ते ऐकाल तर तुमचंही पित्त खवळेल.

पाच वर्षांपूर्वी आईने त्या प्रकाराला नाव दिलं होतं 'चहात मुरलेले मनुके'. महिनाभरात तीन वाट्या खपल्या, त्यातली एक बाबांनी खाल्ली. मग एके दिवशी दहा वर्षांची टकळी मागच्या खोलीत परातीशी बसली होती. मनुके पाकात टम्म फुगून एकमेकांवर लोळत होते, परात हलवली की सगळे एका बाजूला कलंडत होते. "आई, हे बघ, झिंगलेत!" म्हणून ती खिदळली आणि बाहेर जाऊन फलकावर तेच लिहून आली. संध्याकाळपर्यंत टोप रिकामा.

मोठी माणसं यायची, एकमेकांना कोपर मारायची. "वहिनी, कडक झालंय हं आज!" आई हसायची. "वहिनी, घरी सांगू नका, गाडी चालवायचीय!" आई हसायची. सगळ्यात वरताण औषधाच्या दुकानवाले काका. त्यांचं दुकान भिंतीला भिंत लागून, त्यामुळे दिवसातून दोनदा फेरी. दुसऱ्या वाटीला त्यांची मान डुलायला लागायची, तिसऱ्या वाटीला गाणं. एकदा तर ते बाकावर चढून उभ्या रस्त्याला भाषण देऊन गेले होते. ती गोष्ट त्यांनी स्वतःच इतक्यांदा सांगितली होती की न बघितलेली माणसंही आता बघितल्यासारखी सांगायची.

आयाबाया तेच आइस्क्रीम आपल्या पोरांना स्वतःच्या हाताने भरवायच्या. "बघ हं, झिंगशील!" म्हणून गालगुच्चा घ्यायच्या. तेव्हा गंमत होती. सोमवारपासून ते विष झालं.

मंगळवारी शाळेत टकळीच्या बाकावर कुणीतरी खडूने 'झिंगली' लिहून ठेवलं होतं. मागच्या वर्षीपर्यंत टकळी हे नाव फक्त घरातलं होतं. शाळेत ती मुकी, प्रश्न विचारला तर बेंचखाली पेन शोधणारी. यंदा कुठूनसा आवाज फुटला होता आणि तो परत आत जायला तयार नव्हता. तिने 'झिंगली'च्या खाली टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'शुद्धलेखन बरोबर आहे, बाकी सगळं चूक.' वर्ग हसला. टकळीला क्षणभर वाटलं, जमतंय की.

मग मोठ्या बाईंनी बोलावलं.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या प्रमुख. त्यांच्या टेबलावर एक कागद होता, चाळीस पालकांच्या सह्यांचा. "शनिवारच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तू करणार होतीस ना?" बाई म्हणाल्या. "ते आता दुसऱ्या कुणालातरी देऊ या. तू हुशार आहेस गं. पण घरचं वातावरण…"

"घरी चहाचं वातावरण आहे बाई. कोऱ्या चहाचं."

"हे बघ, उलट बोलू नकोस. सगळ्यांना माहितीये त्यात काय असतं."

"तुम्हालाही?"

बाई कागदाच्या कडा जुळवायला लागल्या. कारण याच मोठ्या बाई दर शनिवारी शाळा सुटल्यावर दुकानाच्या बाजूच्या खिडकीशी यायच्या आणि रुमालाखाली झाकून एक वाटी न्यायच्या. टकळीनेच कितीदा भरून दिली होती, वर एक चमचा जास्त घालून. तो जास्तीचा चमचा आठवून तिला आत्ता स्वतःचाच राग आला.

"तुम्हाला चढली कधी, बाई? खरं सांगा ना. एकदा तरी?"

"वर्गात जा," बाई म्हणाल्या.

सह्यांच्या त्या यादीत एका आईने सहीपुढे लिहिलं होतं, 'माझा मुलगा गणितात नापास झाला तो या आइस्क्रीममुळेच.' तो मुलगा टकळीच्या शेजारच्या वर्गात होता. त्याला सातचा पाढा येत नव्हता. सातच्या पाढ्यात मनुके घातले होते की काय कुणी?

बरं, पालक विरुद्ध गेले, ठीक. निदान आपली माणसं तरी आपल्या बाजूने उभी राहतील, असं टकळीला वाटत होतं. ती राहिली. बापरे, कशी राहिली!

बुधवारी संध्याकाळी ती शाळेतून आली तर दुकानापुढे पंचवीस-तीस माणसं. पुठ्ठ्यांचे फलक. पुढे औषधवाले काका, डोक्याला रुमाल बांधून. फलकावर लिहिलेलं: 'आमची झिंग, आमचा हक्क!'

"काका! हे काय?"

"पोरी, घाबरू नकोस!" काकांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "सरकार म्हणजे काय समजलं? आज आइस्क्रीम, उद्या खोकल्याचं औषध! आम्ही तुझ्या आईच्या पाठीशी आहोत. गावातलं सगळ्यात कडक आइस्क्रीम आहे ते, आणि ते आम्ही खाणारच!"

"कडक म्हणू नका ना! त्यात दारू नाहीये!"

काकांनी डोळा मारला. चक्क डोळा मारला. "बरोबर. असंच सांगायचं. नाहीच्चे." आणि मग गर्दीकडे वळून, "काय रे, नाहीये ना?"

"नाहीये!" सगळे एका सुरात ओरडले आणि खो खो हसले.

टकळीला वाटलं आपलं डोकं आता शिट्टी मारणार. शत्रू म्हणतात दारू आहे. मित्र म्हणतात दारू आहे. एक शिव्या देऊन म्हणतात, एक जयजयकार करून म्हणतात. आणि जिने ते आइस्क्रीम स्वतःच्या हाताने घोटलं तिला कुणी विचारतच नाही! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काकांचा फोटो आला. खाली त्यांचं म्हणणं छापलेलं: 'दोन वाट्यांत मी हवेत असतो.' तपासनीसाने तो फोटो कापून आपल्या फाइलला लावला असणार, टकळीने पैज लावली असती.

घरात बाबांनी हळूच विषय काढला. बाबा टपाल कचेरीत कारकून. सगळ्या कागदांवर मुकाट्याने शिक्के मारत आलेला माणूस. "सही करून मोकळी हो," ते आईला म्हणाले. "दोन दिवस लोक बोलतील, मग विसरतील. दुकान तरी चालू होईल."

"काय म्हणून चालू होईल?" आईने विचारलं. ती टोप घासत होती. घासलेलाच टोप तिसऱ्यांदा घासत होती.

"म्हणजे?"

"पोरांना दारू पाजणारी बाई म्हणून चालू होईल. हेच ना?"

"अगं, कागदच आहे तो. एक सही."

"तुमच्यासाठी कागद." आईने टोप पालथा घातला. "पण तुम्ही म्हणता तेही खरंय. अडीच महिने बंद राहिलं तर उघडायला काही उरणार नाही. बघते."

हे 'बघते' टकळीला सगळ्यात जास्त टोचलं. आई 'बघते' म्हणाली की समजायचं, आत काहीतरी मोडलं.

"माझ्यामुळे झालं," टकळी म्हणाली. तिचा तो नवा आवाज एकदम जुन्यासारखा बारीक निघाला. "मी लिहिलं ते नाव."

"तू दहा वर्षांची होतीस. मी चाळीसची होते, आणि मी ते पुसलं नाही." आईने हात पदराला पुसले. "लोक हसत होते, खपत होतं. बरं वाटत होतं मला."

शुक्रवारी चारला पाच कमी असताना तपासनीस आला. शाळा नुकतीच सुटलेली, त्यामुळे रस्ता पोरांनी, आयांनी, दप्तरांनी गच्च. डाव्या बाजूला पालक, मध्ये मोठ्या बाई. उजव्या बाजूला काकांची फौज, फलकांसकट. दोन्हीकडून आरडाओरडा चाललेला. बाबांनी रजा टाकली होती आणि पेन टोपण काढूनच हातात धरलेलं. कबुलीपत्र काउंटरवर पसरलं होतं. आईने ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. बाबांनी पेन पुढे केलं.

आईने ते घेतलं.

टकळीला काही सुचेना. ती नुसती तपासनीसाकडे रागाने बघत होती, डोक्यापासून पायापर्यंत, आणि बघता बघता तिची नजर त्याच्या कमरेला अडकली. पट्ट्याला एक काळी डबी लटकत होती, वर नळी.

"साहेब, ते काय आहे?"

"फुंकायचं यंत्र. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी."

"आइस्क्रीम खाणाऱ्यांना चालतं?"

"तोंडात दारू असली की कुणालाही…" तपासनीस थांबला. त्याच्या लक्षात आलं असावं, पण फार उशिरा. कारण टकळी बाकावर चढली होती.

"काका!" तिने उभ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. "दोन वाट्यांत तुम्ही हवेत असता ना? छापून आलंय! आज चार खा. इथे, सगळ्यांसमोर. आणि मग फुंका!"

उजवीकडून टाळ्या. डावीकडून "हो, हो, होऊनच जाऊ दे!" त्या मिनिटाला दोन्ही बाजूंचं प्रथमच एकमत झालं. काकांचा चेहरा मात्र जरा उतरला. "अगं, सील आहे ना पण," ते म्हणाले.

"तपासणीसाठी मी काढू शकतो," तपासनीस म्हणाला. त्यालाही आता चेव चढला होता. वीस वर्षांच्या अनुभवाचा प्रश्न होता. त्याने कडेने सील उचकटलं, आईने वाट्या भरल्या. गोळे नेहमीसारखेच गोल पडले.

पहिली वाटी काकांनी गंभीरपणे खाल्ली. दुसरीला, सवयच हो, मान डुलायला लागली. तिसरीला ते किंचित डावीकडे कलले आणि गुणगुणायला लागले. "बघा! बघा!" डावीकडच्या आया ओरडल्या. "भर दुपारी! पोरांदेखत!" उजवीकडून "वाहवा काका!" चौथी वाटी संपली तेव्हा त्यांना दोघांनी काखेत हात घालून धरलं होतं.

तपासनीसाने नळी पुढे केली. काकांनी फुंकलं. यंत्र लांब कुंईऽऽ वाजलं.

तपासनीसाने आकडा बघितला. यंत्रावर टिचकी मारली. पुन्हा बघितला. स्वतः फुंकून बघितलं, मग काकांना परत फुंकायला लावलं.

"शून्य," तो म्हणाला.

"किती?" मागून कुणीतरी विचारलं.

"शून्य हो, शून्य! काही नाही!" तपासनीस खेकसला. मग त्याने गणितवाल्या मुलाच्या आईला वाटी खायला लावली, काकांच्या फौजेतल्या दोघांना लावली. शून्य, शून्य, शून्य. मोठ्या बाईंकडे त्याने नळी वळवली तशा बाई म्हणाल्या, "मी असलं खात नाही."

"दर शनिवारी खातात," टकळी म्हणाली. "जास्तीच्या चमच्यासकट."

रस्ता हसला, पण फार वेळ नाही. कारण काका सरळ उभे राहिले होते. आत्ता आत्तापर्यंत दोघांनी धरलेला माणूस, पाठीत काठी घातल्यासारखा ताठ. कान लालभडक.

"म्हणजे पाच वर्षं," ते म्हणाले, "आम्हाला नुसता चहा चारलात?"

"आई कधीपासून सांगतेय!" टकळी किंचाळली. "मी घसा फुटेस्तोवर सांगतेय!"

"ही फसवणूक आहे!" काकांच्या मागून आवाज आला. "आम्ही उन्हात उभे राहिलो तुमच्यासाठी!" लगेच डावीकडूनही, "दारू नव्हती तर आधी नीट सांगायचं ना! आम्हाला उगाच त्रास! मोहीम काढावी लागली आम्हाला!" आणि बघता बघता दोन्ही बाजू एक झाल्या. फलक खाली, सह्यांचा कागद गुंडाळलेला, आणि सगळ्यांचे चेहरे आईकडे. दारू होती म्हणून चिडलेले आणि दारू नव्हती म्हणून चिडलेले, खांद्याला खांदा लावून.

"वहिनी, निदान तुम्ही तरी," काका दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "मी म्हणायचो कडक झालंय, तर तुम्ही हसायचात. हसायचात की नाही?"

आईने पेन काउंटरवर आपटलं. एवढ्या जोरात की त्याची निब वाकली.

"हसायचे! पाच वर्षं तुमचा विनोद तोच, मी काय रडायला हवं होतं? मी एकदा तरी म्हटलं दारू आहे म्हणून? तुम्ही डुललात ते तुमच्या मर्जीने डुललात. तुम्ही गायलात. त्यात माझा चहा होता, सूर तुमचा होता!" ती पालकांकडे वळली. "आणि तुम्ही. दारू आहे असं तुम्हाला खरंच वाटत होतं? पाच वर्षं? आणि तरी पोरांच्या तोंडात चमचे घालत होतात? मग त्या कागदावर सही कुणी करायची, मी की तुम्ही?"

एका आईने मुलाच्या शर्टावरचा डाग पुसायला घेतला. डाग नव्हताच.

"झालं तर मग," तपासनीस कागद आवरत म्हणाला. "तुमचं दुकान मोकळं. ना प्रयोगशाळेची गरज, ना कबुलीपत्राची."

"मला आहे." आईने कागदावर हात ठेवला. "छापलेल्यावर रेघ मारा. खाली लिहा, दारू आढळली नाही. तुमच्या अक्षरात. आणि सही तुमची."

"असा नमुना नसतो बाई."

"मग नवा काढा."

तपासनीसाने इकडेतिकडे बघितलं. बाबा मध्ये पडायला पुढे सरसावले, टकळीने त्यांचा शर्ट मागून धरला. शेवटी त्याने त्याच वाकड्या निबेने खरडत लिहिलं. अक्षर घाणेरडं आलं, पण वाचता येत होतं. त्याने सही केली, तारीख घातली, आणि मोटारसायकलला तीन किका मारून एकदाचा गेला.

रस्ता जरा सैल झाला. काकांनी डोक्याचा रुमाल सोडला, घाम पुसला, आणि चेहऱ्यावर जुनं हसू आणायचा प्रयत्न केला. "बरं वहिनी, झालं गेलं सोडा. सगळ्यांना एकेक वाटी होऊन जाऊ दे. चहा तर चहा." दोन-चार जण हसत हसत काउंटरकडे सरकले. गणितवाल्या मुलाने पहिला नंबर लावला. मोठ्या बाईही हळूच बाजूच्या खिडकीकडे निघाल्या होत्या.

टकळीला आईचा चेहरा दिसत होता. तिला वाटलं, आता आई हसणार. आणि हसली तर आपण काय करू ते आपल्यालाच माहीत नाही.

आई हसली नाही. तिने काउंटर ओल्या फडक्याने पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाट्या उचलल्या. मग पुढे येऊन शटरच्या आकड्याला हात घातला.

"अहो वहिनी, हे काय? सील तर निघालं ना?"

"सरकारचं निघालं," आई म्हणाली. "माझं आत्ता लागलंय."

शटर खडखडत खाली आलं. टकळी शेवटच्या क्षणाला वाकून आत शिरली. बाहेर लोक थोडा वेळ कुजबुजत राहिले. टकळीला अजून बरंच बोलायचं होतं, निदान एक तासभर पुरेल इतकं, आणि ते कुणाला ऐकवावं हे न कळून तिने शटरला आतून एक लाथ हाणली. बाहेरची कुजबुज बंद झाली.

"पाय दुखेल," आई म्हणाली. ती नळाखाली टोप भरत होती. "उद्या उघडू. सकाळी अकराला, रोजच्यासारखं. ज्याला यायचं त्याने सरळ उभं राहून यावं."

शटरवर कुणीतरी हलकेच टकटक केलं.

"अगं, मी आहे," बाबांचा आवाज आला. "मी बाहेरच राहिलो."

आईने नळ बंद केला. टकळीकडे बघितलं, शटरकडे बघितलं.

"मागच्या दाराने या," ती म्हणाली. "आणि येताना दूध आणा."